वसईची प्रार्थनामंदिरे

सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची दुहेरी तटबंदी, खंदक आणि एका अंगाला पसरलेला सिद्धेश्वराचा तलाव आठवत असेल. त्या किल्ल्याच्या पोटात एका प्राचीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. कोरीव खांबांचे ते भग्न देवालय पाहताना मनात विचार येतो, की या दगडांना वाचा असती तर त्यांनी आपल्याला काय बरे सांगितले असते? मुलांनो, दगडांना वाचा नसते हे खरे. परंतु त्यांची भाषा शिकून घेणाऱ्याशी ते बोलतात. अशाच दुसऱ्या एका भुईकोटात मी तुम्हांला आज घेऊन जाणार आहे. तो किल्ला आहे मुंबईच्या उत्तरेस, पालघर जिल्ह्यात, वसईच्या खाडीच्या मुखाशी. सोलापूरच्या कोटात जसे भग्न देवालय आहे, तशी वसईच्या कोटात भग्न ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांनाच आपण चर्च असे म्हणतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल घेऊन मी तेथे गेलो होतो. कोळ्यांची वस्ती ओलांडून आम्ही तटाच्या दरवाजातून आत शिरलो. आत ताडामाडांची दाट झाडी होती आणि त्या झाडीतून मधूनमधून काळ्या दगडांच्या उंच भिंती डोके वर काढीत होत्या. भिंती होत्या, पण छप्पर नव्हते. खिडक्या होत्या, पण त्यांना दारे नव्हती. मनोरे होते, पण मनोऱ्यांत घंटा नव्हत्या. मुले क्षणभर गप्प झाली. नंतर एकाने विचारले, “गुरुजी, या घंटा गेल्या कोठे?” त्या प्रश्नाच्या उत्तरात या वास्तूंचा जवळजवळ सगळा इतिहास साठवलेला आहे.

वसई हे पश्चिम किनाऱ्यावरील फार जुने बंदर. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होते. सुलतान बहादूरशहा हा मोगल बादशहा हुमायून याच्या स्वारीच्या भीतीने पेचात सापडला, तेव्हा त्याने पोर्तुगिजांशी सख्य केले. २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना मिळाला. त्या मुलखात मुंबईची बेटेही होती! पोर्तुगीज हे दर्यावर्दी लोक. गोवा ही त्यांची राजधानी. परंतु उत्तरेकडील त्यांच्या मुलखात वसईला पहिले स्थान मिळाले. येथे जहाजे बांधली जात, येथून लाकूड आणि दगड परगावी जात, आणि येथे त्यांचे श्रीमंत सरदार मोठमोठे वाडे बांधून राहत. त्यांनी मजबूत तट उभारला आणि तटाच्या आत एक संपूर्ण नगरच वसवले.

व्यापारी आणि सैनिक यांच्याबरोबर धर्मोपदेशकही आले. ख्रिस्ती धर्मात संन्यस्त वृत्तीने राहणाऱ्या साधूंचे निरनिराळे पंथ आहेत. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन ही त्यांतील काहींची नावे. प्रत्येक पंथाने वसईत आपले प्रार्थनामंदिर उभारले आणि त्याला लागून आपला मठही बांधला. नगराचे मुख्य चर्च होते ते संत जोसेफ यांचे. ते इ.स. १५४६ च्या सुमारास बांधले गेले आणि इ.स. १६०१ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांच्या कारकिर्दीत त्याचा विस्तार झाला. त्याच्या दर्शनी बाजूचा उंच मनोरा अजूनही उभा आहे. समुद्रावरून येणाऱ्या नाखव्याला वसईची पहिली खूण म्हणून हा मनोराच दिसत असला पाहिजे.

आता या वास्तूंची रचना समजावून घेऊ. आपल्या देवळात गाभारा असतो आणि त्याच्यापुढे सभामंडप असतो. गाभारा लहान आणि अंधारा. तेथे समईच्या मंद उजेडात एकेकाने जाऊन देवाचे दर्शन घ्यावयाचे. चर्चमध्ये उपासनेची पद्धत वेगळी. तेथे सर्व भाविक एकाच वेळी जमतात, एकत्र प्रार्थना म्हणतात आणि धर्मगुरूंचा उपदेश ऐकतात. त्यामुळे चर्चमधील मुख्य दालन लांब, रुंद आणि उंच असते. त्याच्या एका टोकाला प्रवेशद्वार आणि दुसऱ्या टोकाला वेदी. वेदीचे स्थान गाभाऱ्यासारखेच पवित्र. परंतु ती साऱ्यांना दिसेल अशी खुली ठेवलेली असते. उजेड यावा म्हणून भिंतींत उंचावर खिडक्या ठेवतात. उपासनेची रीत जशी असेल, तसे वास्तूचे रूप घडते, हे तत्त्व ध्यानात ठेवले म्हणजे कोणत्याही धर्माचे मंदिर पाहताना त्यातला अर्थ उलगडू लागतो.

वसईच्या चर्चच्या भिंती विलक्षण जाड आहेत. चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांनी त्या उभारल्या असून कोपरे, चौकटी आणि कमानी यांसाठी मात्र घडीव दगड वापरला आहे. दरवाजांवर आणि खिडक्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी दिसतात. कमान ही मोठी युक्तीची गोष्ट आहे. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना टेकवून बसवले म्हणजे प्रत्येक दगड खाली घसरू पाहतो, पण शेजारचे दगड त्याला अडवून धरतात. वरचा भार अशा रीतीने दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि जाड भिंतींतून जमिनीत उतरतो. छप्पर कोसळून शतके लोटली, तरी या कमानी उभ्या आहेत त्या याच युक्तीमुळे.

आपल्या भागातील वास्तूंशी याची तुलना करून पाहा. जुन्या हेमाडपंती देवळांत कमान नसते. दोन खांबांवर दगडाची आडवी तुळई टाकून भार पेललेला असतो. बहामनी आणि आदिलशाही काळातील दरवाजांना व मशिदींना टोकदार कमानी असतात. विजापूरला गेलेल्या मुलांनी त्या पाहिल्याच असतील. आणि वसईची ही अर्धवर्तुळाकार कमान तर मूळची प्राचीन रोमची. तिन्ही रीती वेगळ्या, पण सोडवावयाचा प्रश्न एकच: भिंतीत मोकळी जागा ठेवून वरचा भार कसा पेलावा? आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर या तिन्ही रीतींनी बांधणाऱ्यांचे हात राबले आहेत, ही केवढी संपन्नतेची गोष्ट आहे!

या सर्व चर्चमध्ये जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग विशेष देखणा आहे. दाराच्या दोन्ही अंगांना दगडाचे उंच खांब असून त्यांच्या अंगावर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. खांबांच्या माथ्यावर पानांचे झुपके असावेत तशी नक्षी आहे. ही नक्षी मूळची प्राचीन ग्रीसमधील. तेथून ती रोमला गेली, रोमहून पोर्तुगालला पोचली आणि पोर्तुगालहून समुद्रमार्गे वसईला आली. येथे ती उतरली ती येथल्याच काळ्या दगडात. वसईच्या दगडाची कीर्ती मोठी होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस या सुप्रसिद्ध चर्चच्या दर्शनी भागातील खांब आणि नक्षीकाम वसईहून नेलेल्या दगडाचे आहे. आराखडा परदेशातला खरा. पण दगड आपल्या मातीतला.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये गेले, की पाय आपोआप जपून पडू लागतात. कारण तेथील जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज भाषेत मृतांची नावे कोरलेली आहेत. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत मायदेशापासून हजारो कोस दूर येऊन येथेच देह ठेवलेल्या माणसांच्या त्या खुणा आहेत. उघड्यावर पडूनही कित्येक शिळांवरील अक्षरे आजही वाचता येतात.

आमच्या सहलीतील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. मुले इकडेतिकडे पांगली होती. एका भिंतीशी एक विद्यार्थी पाठमोरा उभा असलेला मला दिसला. जवळ जाऊन पाहतो तो त्याने कंपासपेटीतील कर्कटक काढून त्याच्या टोकाने भिंतीवर आपले नाव कोरावयास आरंभ केला होता. पहिले अक्षर पुरे झाले होते. मला पाहताच तो ओशाळला. मी त्याला रागावलो नाही. त्याचा हात धरून त्याला फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये नेले, एका शिळेपाशी बसवले आणि तिच्यावरील अक्षरांवरून बोट फिरवावयास सांगितले. त्याने तसे केले. मग मी विचारले, “हे नाव कोणी कोरले असेल?”

तो म्हणाला, “त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांनी.”

“मग तुझे नाव कोणी कोरावे?” मी विचारले.

तो काही बोलला नाही. परत जाताना तो पुन्हा त्या भिंतीपाशी थांबला. कोरलेले ते अक्षर पुसता येते का, हे त्याने रुमालाने घासून पाहिले. ते पुसले गेले नाही. दगडावरचा ओरखडा पुसला जात नाही, हे मी वर्गात शंभर वेळा सांगितले असते, तरी त्याला इतके कळले नसते.

वसईच्या या नगराने सुखाचे दिवस पाहिले, तसे संकटाचेही पाहिले. इ.स. १६१८ च्या मे महिन्यात या किनाऱ्यावर भयंकर वादळ झाले आणि त्यात मठांची आणि चर्चची छपरे उडून गेली. इ.स. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबी चाच्यांनी येथे उतरून तटाबाहेरील चर्च लुटली. पण खरे संकट राज्यकर्त्यांनी आपल्याच हातांनी ओढवून घेतले होते. पोर्तुगिजांनी आपल्या अमलाखालील हिंदू प्रजेवर धर्माच्या बाबतीत जुलूम केला. देवळे पाडली, सण आणि विधी यांवर बंधने घातली. या जाचाने त्रासलेल्या लोकांच्या वतीने अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या मंडळींनी पेशव्यांकडे दाद मागितली.

बाजीराव पेशव्यांनी आपले धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्याकडे ही मोहीम सोपवली. इ.स. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. इ.स. १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, चौथ्या बाजूला भक्कम तट. किल्ला घेणे सोपे नव्हते. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंगांनी तट उडवला, तर काहींनी खणणाऱ्यांचेच प्राण घेतले. दोन्ही बाजूंची माणसे शर्थीने लढली. शेवटी मे महिन्यात संत सेबास्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली.

यानंतर जे घडले, ते लढाईइतकेच ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विजयी चिमाजी अप्पांनी शत्रूच्या सैनिकांना शस्त्रांसह, निशाणे फडकावीत, नगारे वाजवीत, सन्मानाने बाहेर जाऊ दिले. कुटुंबे आणि चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी त्यांना आठ दिवसांची मुदत दिली. जुलमी सत्तेशी वैर होते, पण पराभूत माणसांशी ते नव्हते.

आणि घंटा? त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता आले. वसई आणि आसपासच्या चर्चमधील मोठ्या घंटा मराठे विजयाची खूण म्हणून घेऊन गेले आणि त्यांनी त्या आपल्या देवांच्या चरणी अर्पण केल्या. भीमाशंकराच्या देवळापाशी अशी एक घंटा आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा सुंदर घाट आहे. तेथील घंटेवर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकर यांनी इ.स. १७४७ मध्ये बांधलेल्या देवळाच्या तटात एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हा आकडा आहे. ‘नारोशंकराची घंटा’ हे शब्द नाशिककरांच्या तोंडी आजही आहेत.

घंटा ज्या धातूची ओततात, त्याला कांसे म्हणतात. तांबे आणि कथील एकत्र वितळवून ते तयार होते. त्या काळी तोफाही तांबे आणि कथील यांच्याच मिश्रणाच्या ओतीत असत. फरक एवढाच, की घंटेत कथिलाचे प्रमाण अधिक असे. युद्धाच्या त्या धामधुमीत या घंटा वितळवून त्यांच्या तोफा करणे काही अवघड नव्हते. मराठ्यांनी या घंटा वितळवल्या नाहीत. त्यांच्यावरील मरियेची आकृतीही कोणी तासून काढली नाही. चर्चमध्ये दोर ओढून घंटा वाजवीत आणि तिच्या नादाने गावाला प्रार्थनेची वेळ कळवीत. देवळात प्रत्येक भाविक स्वतः घंटा वाजवतो आणि आपण आल्याची वर्दी देवाला देतो. जागा बदलली, वाजवण्याची रीत बदलली, पण नाद तोच राहिला.

किल्ल्यात मराठ्यांची सत्ता आल्यावर तेथे वज्रेश्वरीचे आणि नागेश्वर महादेवाचे अशी देवालये उभी राहिली. ती आजही आहेत. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, तोही याच वसईत. त्या तहाने पेशव्यांची स्वतंत्र सत्ता जवळजवळ संपली. इंग्रजी अमलात मुंबईचे महत्त्व वाढत गेले आणि वसईचा किल्ला ओस पडला. छपरे कोसळली, पिंपळाची मुळे भिंतींच्या सांध्यांत शिरली. आता हा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असून त्याची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग राखतो.

तथापि, वसईची ही प्रार्थनामंदिरे सर्वस्वी मुकी झालेली नाहीत. याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया या मुलाचा जन्म झाला. त्याचे वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच. वसईच्या जेझुइटांपाशी शिकून तो दूर जपानपर्यंत गेला, पुढे फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला आपल्या धर्मासाठी क्रूसावर प्राण द्यावे लागले. इ.स. १८६२ मध्ये रोमच्या पोपनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत होय. जेझुइटांचे जे देखणे चर्च आपण पाहिले, ते आता त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याची डागडुजी झाली आहे आणि संताच्या उत्सवात तेथे पुन्हा प्रार्थनेचे सूर उमटतात.

हे सूर मराठी असतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वसईचे ख्रिस्ती लोक याच मातीतले. कोणी शेतकरी, कोणी बागाईतदार, कोणी कोळी. त्यांच्या घरांत मराठीच्या बोली नांदतात. त्यांच्यातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो या धर्मगुरूंनी बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला. जानेवारी २०२० मध्ये आपल्या सोलापूरच्या शेजारी धाराशिव येथे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. ज्या किनाऱ्यावर एके काळी परक्या भाषेत शिळा कोरल्या गेल्या, त्याच किनाऱ्यावरच्या माणसाला मराठीने आपल्या साहित्याच्या सभेत मानाच्या आसनावर बसवले.

सूर्य मावळतीला आला तेव्हा आम्ही किल्ल्यातून निघालो. संत जोसेफच्या मनोऱ्यावर शेवटची उन्हे पडली होती. घंटेची जागा रिकामी होती. तेथून पारवे उडत होते. त्याच वेळी किल्ल्यातल्या देवळात कोणीतरी घंटा वाजवली. तो नाद झाडीतून, भग्न कमानींतून आमच्यापर्यंत आला. कर्कटक हातात धरणारा तो विद्यार्थी माझ्या शेजारून चालत होता. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, भीमाशंकरला गेलो म्हणजे मी ती घंटा नीट पाहीन.”

मुलांनो, तुम्हीही पाहा. तुमच्या गावातील जुने देऊळ, जुनी मशीद, जुने चर्च, जुनी वेस, यांपैकी जे असेल त्याच्याजवळ जा. दगड कोठला, कमान कोणत्या रीतीची, अक्षरे कोणत्या भाषेतली, याचा शोध घ्या. बांधणारे गेले, भांडणारे गेले, जिंकणारे आणि हरणारेही गेले. मागे जे उरले, ते आता आपल्या सर्वांचे आहे. ते वाचावे आणि पुढच्यांनाही वाचता येईल असे जपून ठेवावे, एवढेच आपल्या हाती आहे.